शेवटचा शब्द कोणाचा? : संगणकाच्या मांडणीतील प्राधान्य आणि क्रम

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असल्याने देशभरच्या बंजारा समाजाचे हे श्रद्धास्थान आहे. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा समाजाचा वारसा मांडणाऱ्या संग्रहालयाचे उद्घाटनही येथे झाले. अशा परिसरातील तांड्यांवर घरात गोरबोली बोलली जाते, शाळेत मराठी शिकवली जाते आणि संगणक सुरू केला की पडद्यावर बहुधा इंग्रजी दिसते. एकाच मुलाच्या एका दिवसात तीन भाषा येतात.

समजा, या भागातील एका शाळेला दहा संगणक मिळाले आहेत आणि त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. प्रणाली तयार करणाऱ्यांनी पडद्याची भाषा इंग्रजी ठेवली आहे. यंत्रे पुरवणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी तिच्यात काही बदल केले आहेत. शाळेच्या शिक्षकाने मराठी निवडली आहे. एखाद्या विद्यार्थ्याला स्वतःच्या खात्यापुरती गोरबोली आधी आणि मराठी नंतर हवी आहे. चार हातांनी चार वेगवेगळ्या फायलींत चार गोष्टी लिहिल्या. पडद्यावर मात्र एकच गोष्ट दिसणार. ती कोणाची?

या प्रश्नाला संगणकशास्त्रात बराच मान आहे. पण त्याची उत्तरे ज्या पद्धतींनी दिली गेली, त्यांची चिकित्सा मराठीत फारशी झालेली दिसत नाही. प्रस्तुत लेखात अशा तीन-चार पद्धती तपासून पाहायच्या आहेत. कोणती पद्धत अधिक हुशार आहे हा आपला निकष नाही. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याचे म्हणणे कोणती पद्धत राखते, आणि ज्याचे म्हणणे डावलले गेले त्याला कोणती पद्धत तसे सांगते, एवढेच पाहायचे आहे.

दोन प्रश्न, एक नव्हे

पूर्वी एखाद्या कार्यक्रमाची सारी सेटिंग्ज एका लांबलचक फाईलमध्ये असत. नवे काही बसवायचे तर तीच फाईल उघडून मध्येच ओळी घालाव्या लागत आणि काढायचे झाल्यास त्या नेमक्या शोधून पुसाव्या लागत. यावर उपाय म्हणून फाईलचे तुकडे झाले. प्रत्येक घटकाने आपली स्वतंत्र छोटी फाईल आणावी, एका ठरलेल्या कप्प्यात ठेवावी, आणि प्रणालीने त्या सर्वांची बेरीज करावी अशी ही योजना होती. यालाच घटकशः मांडणी म्हणता येईल. सोय मोठी झाली, पण एक नवी अडचण आली. बेरीज करताना दोन फायलींत एकाच सेटिंगची दोन मूल्ये निघाली तर काय करायचे?

येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात. पहिला प्रश्न प्राधान्याचा. शाळा किती वाजता भरणार याबाबत दोन सूचना आल्या तर एकच लागू होईल, दुसरी रद्द होईल. दुसरा प्रश्न क्रमाचा. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार हे सारे व्हायचेच असते. त्यांपैकी काहीही रद्द करायचे नसते. फक्त आधी काय आणि नंतर काय हे ठरवायचे असते.

फरक थोडक्यात असा सांगता येईल. क्रमात मागे पडलेला आपली पाळी येईपर्यंत थांबतो. प्राधान्यात हरलेला बाद होतो. संगणकाच्या मांडणीतही घड्याळाची वेळ, पडद्याची भाषा अशी सेटिंग्ज पहिल्या प्रकारची असतात. यंत्र सुरू होताना चालवायच्या आज्ञा, शोधायच्या कप्प्यांची यादी अशी सेटिंग्ज दुसऱ्या प्रकारची असतात.

पद्धत पहिली : नावापुढे आकडा

सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र आढळणारी पद्धत म्हणजे फाईलच्या नावाआधी आकडा लिहिणे. १०, २०, ५० अशा आकड्यांच्या क्रमाने फायली वाचल्या जातात.

मराठीशी थेट संबंध असलेले याचे उदाहरण म्हणजे लिनक्समधील फॉन्टकॉन्फिग ही व्यवस्था. पडद्यावर कोणता फॉन्ट वापरायचा हे ती ठरवते. हा विषय मराठी माणसाला क्षुल्लक वाटू नये. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठीतील वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. मराठीसाठी कोणती वळणे वापरावीत याबाबत महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी शासन निर्णय काढला आणि २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. युनिकोडमध्ये मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा सांकेतिक क्रमांक एकच आहे. कोणते वळण दिसेल हे कोणता फॉन्ट निवडला गेला आणि मजकुरावर ‘ही मराठी आहे’ अशी खूण आहे की नाही यांवर अवलंबून असते. म्हणजे पहिलीच्या मुलाला पुस्तकातला ‘ल’ पडद्यावर ओळखू येईल की नाही, हे शेवटी एका सेटिंगवर ठरते.

फॉन्टकॉन्फिगने ० ते ९९ या आकड्यांची वाटणी करून ठेवली आहे. फॉन्टचे कप्पे कोठे आहेत ते ०० ते ०९ मध्ये, एका फॉन्टऐवजी दुसरा कोणता चालेल ते ३० ते ३९ मध्ये, आणि ‘साधा’, ‘टोकदार’ अशा सर्वसाधारण नावांना प्रत्यक्ष कोणते फॉन्ट जोडायचे ते ६० ते ६९ मध्ये. वापरणाऱ्याची खाजगी फाईल ५० या आकड्यावर वाचली जाते. वाटणी विचारपूर्वक केलेली आहे यात शंका नाही.

पण आकडे कधीतरी संपतात. रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्टकुटुंब घ्या. त्याच्या देखभालीत पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. या कुटुंबाच्या काही फायलींची नावे ‘६५-०’ अशी सुरू होतात. ६५ या जागी आधीच कोणी बसलेला होता. त्याच्या आधी शिरायचे पण ६४ वर जायचे नाही, म्हणून हे उपांग काढावे लागले. ज्याने ही सोय केली त्याचा दोष नाही. आकड्यांनी रांग लावली की दोन आकड्यांच्या मध्ये घुसण्याची वेळ येतेच.

याहून गंभीर दोष दिशेचा आहे. आकडा लहान म्हणजे बलवान की दुर्बळ, हे आकड्यावरून कळत नाही. लिनक्सच्या गाभ्याची सेटिंग्ज ठेवणाऱ्या ‘सिसकंट्रोल’च्या कप्प्यात नंतर वाचलेली फाईल आधीच्या फाईलला खोडते, तेथे ९९ बलवान असतो. दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षित प्रवेश देणाऱ्या ‘एसएसएच’च्या सेवेत नेमके उलट आहे. तेथे जे मूल्य प्रथम सापडले ते कायम होते, म्हणून १० बलवान असतो. एकाच यंत्रात, शेजारशेजारच्या दोन कप्प्यांत आकड्यांचा अर्थ परस्परविरुद्ध असतो. सुरक्षिततेसाठी म्हणून कोणी ९९ क्रमांकाची फाईल दुसऱ्या कप्प्यात ठेवली आणि आधीच्या फाईलने तेच सेटिंग दिलेले असले, तर ती तेथे नुसती पडून राहील. यंत्र तक्रार करणार नाही. सूचना पाळली जात नाही हे कोणाला कळणारही नाही.

या पद्धतीचा मूळ दोष आता स्पष्ट होईल. आकडा ही खरे म्हणजे क्रमाची खूण आहे आणि ती प्राधान्यासाठी वापरली जाते. ‘नंतर वाचले’ म्हणजे ‘अधिक महत्त्वाचे’ असे मानण्याला तर्काचा आधार नाही, केवळ वहिवाटीचा आहे. जेथे प्रश्न खरोखर क्रमाचा होता तेथेही जाणकारांनी आकडे सोडून दिले. यंत्र सुरू होताना कोणती सेवा आधी चालू करायची यासाठी डेबियन प्रणालीत पूर्वी दोन आकडी क्रमांक असत. ६ फेब्रुवारी २०११ रोजी आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ‘मला आधी अमुक सेवा लागते’ असे प्रत्येक सेवेने सांगायचे आणि क्रम यंत्राने काढायचा अशी रीत आली. आकड्याच्या जागी कारण आले, ही खरी प्रगती.

पद्धत दुसरी : एक आवाज सर्वांच्या वर

आता पडद्याच्या भाषेकडे वळू. लिनक्समध्ये भाषेसाठी काही ठरलेली नावे आहेत. ‘लँग’ या नावाखाली सर्वसाधारण भाषा सांगतात. तारखा, आकडे, अक्षरानुक्रम यांसाठी ‘एलसी’ने सुरू होणारी वेगवेगळी नावे आहेत आणि ती ‘लँग’ला बाजूला सारतात. या सर्वांच्या वर ‘एलसी-ऑल’ हे नाव आहे. त्यात जे लिहिले असेल त्यापुढे बाकीच्या ‘एलसी’ नावांचे आणि ‘लँग’चे काही चालत नाही. हा शुद्ध प्राधान्याचा जिना झाला.

याच्या जोडीला ‘लँग्वेज’ असे आणखी एक नाव आहे. ते केवळ कार्यक्रमांच्या सूचना आणि मेनू यांपुरते असून त्यात एक भाषा न लिहिता भाषांची रांग लिहितात. गोरबोलीला आंतरराष्ट्रीय प्रमाणात लंबाडी या नावाने ‘एलएमएन’ हा तीन अक्षरी संकेत मिळालेला आहे. तेव्हा ‘एलएमएन, मग मराठी, मग इंग्रजी’ अशी रांग लिहिता येते. एखाद्या कार्यक्रमाचा गोरबोली अनुवाद असेल तर तो दिसतो, नसेल तर मराठी, तीही नसेल तर इंग्रजी. येथे कोणी बाद होत नाही. मागचा आपली पाळी येण्याची वाट पाहतो. उद्या कोणी एका छोट्या खेळाचा गोरबोलीत अनुवाद केला, तर या यंत्रावर तो आपोआप पुढे येईल. तीन भाषांच्या मुलासाठी याहून योग्य व्यवस्था सांगता येणार नाही.

आता पुरवठादाराने, दुरुस्तीच्या वेळी संदेश ओळखीचे दिसावेत म्हणून, ‘एलसी-ऑल’मध्ये इंग्रजी लिहून ठेवली असे समजा. मग चमत्कारिक गोष्ट घडते. मेनू मराठीत दिसतात, कारण सूचनांपुरती ‘लँग्वेज’ची रांग मानली जाते, पण तारखा आणि अक्षरानुक्रम इंग्रजी रीतीने चालतात. त्याने इंग्रजीऐवजी ‘सी’ हे यंत्राचे मूळ मूल्य लिहिले असेल तर रांगच दुर्लक्षित होते आणि सारे इंग्रजीत दिसू लागते. यावेळी याद्या अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकाप्रमाणे लागतात. आपण शाळेत शिकवतो त्या वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी येतात. सांकेतिक क्रमांकाप्रमाणे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, ‘क्षमा’ ही ‘क’मध्ये जाते आणि ‘ज्ञानेश्वर’ हा ‘ज’मध्ये. हजेरीपट त्या रीतीने छापून येतो आणि शिक्षकाला वाटते, संगणकाला मराठी येत नाही. संगणकाला मराठी येत होती. तिला वरच्या आवाजाने गप्प बसवले होते, आणि बसवल्याचे कोणी सांगितले नव्हते.

‘एलसी-ऑल’ ही सोय वाईट नाही. एखादी चाचणी घेताना क्षणभर सर्व भेद बाजूला ठेवायला ती उपयोगी पडते. पण तात्पुरत्या कामाचे हत्यार कायमच्या फाईलमध्ये लिहून ठेवणे ही चूक आहे, आणि यंत्र ती चूक करू देते. ज्याला शाळेच्या भाषेशी कर्तव्य नाही त्याच्या हाती सर्वांत मोठा आवाज आहे, अशी ही स्थिती होते.

पद्धत तिसरी : निक्सचा तराजू

या पार्श्वभूमीवर निक्सओएस या प्रणालीचा प्रयत्न लक्षणीय ठरतो. एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात निक्स या साधनाचा पाया घातला. त्यांचा प्रबंध २००६ चा आहे. निक्सओएसमध्ये संपूर्ण यंत्राची मांडणी घटक-फायलींत लिहितात आणि त्या सर्वांची बेरीज करून यंत्र उभे राहते. त्यामुळे प्राधान्य आणि क्रम हे दोन प्रश्न येथे टाळताच येत नाहीत. आणि या प्रणालीने दोहोंसाठी दोन वेगळी साधने दिली आहेत, हे तिचे पहिले श्रेय.

प्राधान्यासाठी तिने एक मोजपट्टी केली. सेटिंग ज्याने मुळात घोषित केले त्याच्या मूल्याला १५०० हा आकडा. कोणी ‘सुचवले’ तर १०००. कोणी साधेपणाने लिहिले तर १००. कोणी ‘सक्ती’ केली तर ५०. आकडा जितका लहान तितका आवाज मोठा. सर्वांत मोठ्या आवाजातील मूल्ये राहतात आणि बाकीची गळतात. क्रमासाठी दुसरी मोजपट्टी आहे. यादीतील ज्या नोंदी आधी हव्यात त्यांना ५००, साध्या नोंदींना १०००, शेवटी हव्यात त्यांना १५००. येथे कोणी गळत नाही, फक्त जागा ठरतात.

तिचे दुसरे श्रेय याहून मोठे आहे. दोन घटकांनी सारख्याच आवाजात पडद्याची दोन वेगवेगळी मूल्ये लिहिली, एकाने मराठी आणि दुसऱ्याने इंग्रजी, तर निक्सओएस कोणाचीही बाजू घेत नाही. ती थांबते, दोन्ही फायलींची नावे सांगते आणि वाद मिटवल्याशिवाय नवी मांडणी उभी करत नाही. कोणती फाईल आधी वाचली, यावर असा निकाल अवलंबून नसतो. वर पाहिलेल्या दोन्ही पद्धतींत हरलेल्याला आपण हरलो हे कळतच नव्हते. येथे निदान बरोबरीच्या वादात ते कळते. शिक्षकाच्या दृष्टीने हा गुण सोन्यासारखा आहे.

तरीही या तराजूवर काही आक्षेप घेणे भाग आहे.

पहिला आक्षेप आकड्यांचाच. १५०० हा आकडा एका मोजपट्टीवर सर्वांत क्षीण आवाज आहे, तर दुसरीवर ‘शेवटची जागा’. दोन्हींत १००० आहे आणि त्याचाही अर्थ वेगळा. शब्दांच्या आड हे आकडे बहुधा झाकलेले असतात हे खरे. पण अडचण आली की शब्द बाजूला पडतात आणि आकडेच हाताळावे लागतात. त्यात लहान आकडा म्हणजे मोठे बळ ही उलटी कल्पना. परीक्षेतल्या पहिल्या क्रमांकासारखी ती आहे, असे म्हणून विद्यार्थ्यांना समजावता येते, पण दर वेळी आठवण करून द्यावी लागते.

दुसरा आक्षेप याद्यांबाबतचा आहे आणि तो अधिक खोल आहे. समजा, शाळेने ‘प्रयोगशाळेतील कार्यक्रम’ अशी यादी घोषित केली आणि एका घटकाने तीत जिओजेब्रा व टक्सपेंट ही दोन नावे ‘सुचवली’. शिक्षकाने दुसऱ्या फाईलमध्ये साध्या आवाजात स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचे नाव जोडले. आता यादीत तीन नावे असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात एकच राहते. कारण प्राधान्याची चाळणी आधी लागते, सुचवलेली अख्खी यादी साध्या आवाजापुढे गळून पडते आणि बेरीज करायला फक्त स्टेलॅरियम उरते. नियमाप्रमाणे हे बरोबर आहे. नियम लिहून ठेवलेलाही आहे. पण येथे दोन घटकांत विरोध नव्हताच. एकाने दोन गोष्टी मागितल्या, दुसऱ्याने तिसरी. भर घालणे आणि खोडणे यांतला फरक येथे तराजूला ओळखता आला नाही, आणि आवाज असमान असल्यामुळे त्याने वादाची सूचनाही दिली नाही.

तिसरा आक्षेप मानवी स्वभावाचा आहे. बरोबरीचा वाद झाला की थांबणारी ही प्रणाली अलीकडच्या आवृत्त्यांत संदेशाच्या शेवटी उपायही सांगते : एका मूल्यावर सक्ती करा किंवा दुसरे सौम्य करा. घाईत असलेला माणूस यांतला पहिला उपाय उचलणार, हे उघड आहे. पुढे दुसराही सक्ती करतो. दोन सक्तींचा पुन्हा वाद होतो. मग कोणीतरी ५० ऐवजी ४९ लिहितो. सभेत एक जण ओरडून बोलू लागला की सगळे ओरडू लागतात आणि शेवटी कोणाचेच ऐकू येत नाही, तसे हे आहे. ४९ का, याचे उत्तर ‘कारण तेथे ५० होते’ एवढेच असते.

शिक्षकांच्या ओळखीच्या एका कागदाशी तुलना केल्यास उणीव नेमकी कळेल. शासन निर्णय आधीच्या निर्णयाला बाजूला सारतो तेव्हा कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा, ‘अधिक्रमित’ होत आहे हे त्यात लिहिलेले असते. सरकारी भाषेची आपण कितीही थट्टा केली तरी ही सवय शहाणपणाची आहे. निक्सओएसमधील सक्तीला मात्र आपण कोणाला खोडत आहोत हे सांगावे लागत नाही. ज्याला खोडायचे होते तो घटक पुढे निघून गेला तरी सक्ती तशीच राहते, आणि उद्या आलेल्या एखाद्या निरपराध घटकालाही ती खोडते.

हा वाद नवा नाही

नियमांचे प्राधान्य कसे ठरवावे हा प्रश्न संगणकाच्या फार आधी व्याकरणकारांना पडला होता. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रे आहेत आणि एकाच शब्दरूपावर दोन सूत्रे हक्क सांगू लागली तर काय करायचे, हा तिच्या अभ्यासकांपुढील कायमचा प्रश्न. काशीत राहिलेल्या मराठी घराण्यातील नागेश भट्ट या वैयाकरणाने ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात यासंबंधीच्या परिभाषांची चर्चा केली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्याची आवृत्ती आणि इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

त्या चर्चेतील बळाचा जिना असा आहे. आधीच्या सूत्राहून नंतरचे बलवान. त्याहून ‘नित्य’, म्हणजे दुसरे सूत्र लागो वा न लागो, जे लागणारच ते. त्याहून ‘अंतरंग’, म्हणजे ज्याची निमित्ते शब्दाच्या आतल्या भागात आहेत ते. आणि सर्वांहून बलवान अपवाद. या जिन्यात जागेवर ठरणारे बळ, म्हणजे ‘नंतर आले म्हणून’, सर्वांत खालच्या पायरीवर आहे हे पाहण्यासारखे आहे. वरच्या सर्व पायऱ्यांवर कारण आहे. या ‘नंतर’ शब्दाचा अर्थही वादातीत नाही. ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिज विद्यापीठातील प्रबंधाने २०२२ मध्ये असे मांडले की येथे ग्रंथात नंतर येणारे सूत्र नव्हे, तर शब्दाच्या उजव्या भागाला लागणारे सूत्र अभिप्रेत आहे. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत.

अपवादाचे बळ आपण सहावी-सातवीच्या व्याकरणातही शिकवतो. आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते : घोडा, घोडे, रस्ता, रस्ते. पण काका, मामा हे शब्द तसेच राहतात. दुसऱ्या नियमाला कोणी ५० हा आकडा दिलेला नाही. तो पहिल्या नियमाच्या क्षेत्रातील एका लहान भागापुरताच बोलतो, म्हणून त्या भागात तो खरा. ज्याचे क्षेत्र लहान आणि नेमके, त्याचे म्हणणे तेथे मानावे, हे तत्त्व आकड्यांच्या कोणत्याही मोजपट्टीहून जास्त टिकाऊ आहे. सगळ्या जगासाठी असलेल्या प्रणालीपेक्षा एका शाळेची फाईल नेमकी, आणि शाळेच्या फाईलपेक्षा एका विद्यार्थ्याच्या खात्यातील फाईल नेमकी.

अधिकाराची वाटणी

मात्र नेमकेपणा हाही पुरेसा निकष नाही. कधी कधी शेवटचा शब्द कोणाला द्यायचा हे न्यायाच्या भूमिकेतून ठरवावे लागते. संकेतस्थळांची पाने कशी दिसावीत हे सांगणाऱ्या सीएसएस या भाषेत ‘हे महत्त्वाचे’ अशी सक्तीची खूण असते. १९९६ च्या पहिल्या प्रमाणात पान लिहिणाऱ्याची सक्ती वाचकाच्या सक्तीहून बलवान होती. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणात हे उलटे केले गेले आणि वाचकाची सक्ती वर आली. कारण साधे होते. ज्याची दृष्टी अधू आहे त्याला अक्षर मोठेच हवे असते. पान सजवणाऱ्याची आवड त्याच्या गरजेच्या आड येऊ नये. साध्या आवाजात लेखकाचे चालते, पण गरज पडली की वाचकाचे. प्राधान्याचा निर्णय म्हणजे अधिकाराची वाटणी, हे येथे स्पष्ट दिसते.

हाच विचार शाळेच्या संगणकाला लावला तर काही अपेक्षा निश्चित करता येतात. जो वापराच्या जागेपासून जितका दूर, त्याने तितक्या हळू आवाजात बोलावे. प्रणाली बनवणाऱ्याने आणि पुरवठादाराने फक्त सुचवावे. शिक्षकाला साधेपणाने लिहून आपले म्हणणे लागू करता यावे. त्याला सक्तीचे शस्त्र उचलावे लागत असेल तर वरच्यांपैकी कोणीतरी गरजेपेक्षा मोठ्याने बोलले आहे असे समजावे. सक्ती राखून ठेवावी ती मुलांच्या सुरक्षिततेसारख्या थोड्या बाबींसाठी, आणि तेथेही कशासाठी व कोणाला खोडून, हे शेजारी लिहावे. याद्यांमध्ये भर घालण्याची रीत खोडण्याच्या रीतीपासून वेगळी असावी. आणि डावललेले प्रत्येक मूल्य कोठेतरी नोंदलेले दिसावे. निक्सओएस या अपेक्षांच्या बरीच जवळ येते, पूर्ण उतरत नाही. फाईलच्या नावापुढील आकड्यांची पद्धत सोपी असूनही यांतल्या बहुतेक अपेक्षांना उतरत नाही.

वर्गात करून पाहा

हा सारा विषय संगणक नसतानाही एका तासिकेत शिकवता येतो. आठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक चिठ्ठी द्या. ‘मधली सुट्टी किती मिनिटांची?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या मनाने लिहावे. पहिल्या फेरीत चिठ्ठ्या एकामागून एक वाचा आणि शेवटची खरी माना. मग चिठ्ठ्या पिसून पुन्हा वाचा. उत्तर बदलेल. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘सुचवतो’, ‘सांगतो’ किंवा ‘सक्ती’ असेही लिहावे. सर्वांत मोठ्या आवाजातील चिठ्ठ्यांत एकमत असेल तर ते उत्तर, नसेल तर खेळ थांबवून वाद जाहीर करा. आता कितीही पिसल्या तरी निकाल तोच येईल. तिसऱ्या फेरीत प्रश्न बदला : ‘सहलीला काय काय न्यायचे?’ येथे उत्तरे बाद न करता एकत्र करा, आणि मग आधीच्या फेरीचा आवाजाचा नियम याच चिठ्ठ्यांना लावून काय काय गळते ते फळ्यावर लिहा.

पहिल्या फेरीत ज्यांची चिठ्ठी वाया गेली त्यांना हात वर करायला सांगा आणि त्यांना ती वाया गेल्याचे कोणी सांगितले होते का, हे विचारा. आठवी-नववीच्या मुलांना हा प्रश्न लगेच कळतो. तो कळला की शाळेत नवे संगणक आल्यावर पुरवठादाराला काय विचारायचे हेही त्यांना सुचेल : तुम्ही कोणती सेटिंग्ज सक्तीने लिहिली आहेत, ती कोणत्या फाईलमध्ये आहेत, आणि ती काढल्यास नेमके काय बिघडेल? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे यंत्रांबरोबर मागून घ्यावीत. पडद्यावरचा ‘ल’ पुस्तकातल्या ‘ल’सारखा दिसणे आणि गोरबोलीतील पहिला अनुवाद जेव्हा होईल तेव्हा तो त्या मुलापर्यंत पोहोचणे, हे त्या उत्तरांवर अवलंबून आहे.